राखेच्या पाळीत आपलीच पोरे का?

२०२४ च्या अखेरीस महानिर्मिती कंपनीने तंत्रज्ञ-३ या पदाच्या ८०० जागांची जाहिरात काढली आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, एकलहरे अशा जेथे जेथे औष्णिक केंद्राची धुराडी उभी आहेत तेथल्या वस्त्यांत आयटीआय झालेल्या पोरांची धावपळ उडाली. जातीचा दाखला काढा, जातवैधता शोधा, अधिवास आणा. सरकारी म्हणावी अशी, घर चालवणारी, पेन्शन नसली तरी पीएफ असलेली नोकरी म्हणून आजही आपल्या समाजातील तरुण पॉवर स्टेशनकडे पाहतो. त्यात गैर काही नाही. पण याच दिवसांत आमच्याकडे एक तरुण आला. फिटर ट्रेडचा आयटीआय, वय तिशीच्या पुढे, सात वर्षे एका औष्णिक केंद्रात कंत्राटदाराकडे राखेच्या विभागात कामाला. या सात वर्षांत कंत्राटदार चार बदलले, काम तेच, पाळी तीच, फावडे तेच. प्रत्येक नव्या कंत्राटदाराच्या वहीत मात्र हा पोरगा नव्याने जन्माला येतो आणि त्याची आधीची नोकरी पुसली जाते. गेटपासवर त्याचा हुद्दा आहे 'हेल्पर, अकुशल'. त्याने आम्हाला विचारले, "साहेब, परीक्षेच्या मागे लागू की आहे ते सांभाळू?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल असे आम्हाला वाटले होते. परीक्षेला बस, असे आम्ही सांगितलेही. पण तो गेल्यावर लक्षात आले की त्याने विचारलेला प्रश्न आणि आम्ही दिलेले उत्तर यांची गाठच पडत नाही. ८०० जागा निघतात तेव्हा त्या ८०० घरांचा प्रश्न सुटतो. केंद्राच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या हजारो कंत्राटी कामगारांचा प्रश्न त्या जाहिरातीत कोठेच नसतो.

औष्णिक केंद्र आतून कसे चालते हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. रेल्वेने कोळसा येतो. वॅगन टिपलर अख्खी वॅगन उचलून पालथी करतो. कोळसा क्रशरमध्ये फुटतो, कन्व्हेयर बेल्टवरून बंकरमध्ये चढतो, मिलमध्ये दळून पिठासारखा होतो आणि हवेच्या झोताने बॉयलरच्या भट्टीत फेकला जातो. वाफ तयार होते, टर्बाइन फिरते, जनित्र वीज देते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सुमारे सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के. म्हणजे एका संचामागे दिवसाला अडीच हजार टनांच्या आसपास राख निघते. त्यातली काही जड होऊन भट्टीच्या तळाशी पडते, बाकीची धुरासोबत वर जाते, ती विजेच्या पट्ट्यांवर पकडावी लागते. मग ती पाण्यात कालवून पाइपाने बंधाऱ्यात सोडतात, किंवा सुकी भरून सिमेंटवाल्यांना देतात. तळाशी राखेचा गोळा जमला तर तो दगडासारखा होतो. त्याला क्लिंकर म्हणतात. तो लोखंडी सळईने फोडावा लागतो, आणि फोडणारा माणूस चालू भट्टीच्या तोंडाशी उभा असतो.

या सगळ्या साखळीच्या मधोमध कंट्रोल रूम आहे. तेथे यंत्रांसाठी गारवा ठेवलेला असतो. पडद्यावर दाब, तापमान, भार दिसत असतो. तेथे अभियंते आणि ऑपरेटर बसतात, ते कंपनीचे कायम कर्मचारी. साखळीच्या एका टोकाला कोळसा आणि दुसऱ्या टोकाला राख. ही दोन्ही टोके कंत्राटदाराकडे. बेल्टखाली सांडलेला कोळसा उचलणारा, टिपलरच्या खड्ड्यात उतरणारा, हॉपर मोकळा करणारा, राखेच्या पाइपलाइनची गळती बुजवणारा, बंधाऱ्यावर उभा राहणारा, संच दुरुस्तीसाठी बंद झाला की बॉयलरच्या पोटात शिरून साफसफाई करणारा हा माणूस कोण? त्याची जात कोणी मोजत नाही. कायम कर्मचाऱ्यांची बिंदुनामावली असते, मागासवर्ग कक्ष ती तपासतो, अनुशेष निघतो, त्यावर आंदोलन करता येते. कंत्राटदाराच्या मजुरांना बिंदुनामावली नाही, म्हणून अनुशेष नाही, म्हणून अन्यायही कागदावर नाही. पण पाळी सुटताना फाटकावर उभे राहा. राखेने पांढरे झालेले चेहरे कोणत्या वस्तीच्या दिशेने वळतात ते पाहा. बौद्ध, मातंग, आदिवासी, भटके, आणि आता छत्तीसगड-बिहारकडून आणलेले तसेच दरिद्री बांधव. आकड्यांची वाट पाहत बसण्याची गरज आम्हाला तरी वाटत नाही.

कारखान्यात यंत्र आले की जात जाते, असे सांगणाऱ्या विद्वानांची या देशात कधीच कमतरता नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना उत्तर दिलेले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य विणकराला तेथे विटाळ होई. पगार जास्त होता तो नेमका त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कामगारांचे पुढारी म्हणवणाऱ्यांची पंचाईत झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे सूत्र तेथलेच, ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती, ती फारशी कोणी सांगत नाही. रेल्वेतला अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात. जात कारखान्याच्या फाटकावर थांबत नाही. ती आत जाते, खाते निवडते, पाळी लावते. गिरणीत तिने विणकर खाते बंद केले, रेल्वेत रूळ दिले, पॉवर स्टेशनमध्ये राख दिली.

आणि गंमत पाहा, ज्या वीज उद्योगाने आपल्या पोरांच्या हाती फावडे दिले त्या उद्योगाचा पाया सार्वजनिक मालकीच्या विचारावर घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्यात होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी केलेले भाषण आजही ऊर्जामंत्र्यांनी वाचावे असे आहे. वीज कोणाच्या मालकीची असावी, ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, आणि ती हवी कशासाठी, तर या देशाचे दारिद्र्य उद्योगीकरणावाचून हटणार नाही म्हणून, असा तो विचार होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच चालवावेत अशी त्यांची स्पष्ट मागणी आहे. पण आमच्या आजच्या विषयाला याहून जवळची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये, मंत्री होऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले त्यात केंद्रीय नोकऱ्यांतील राखीव जागांबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना उमेदवारीवर घ्या, असे त्यांनी मागितले. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षण आले. त्याची आठवण आपण ठेवली. हातात हत्यार देणाऱ्या, यंत्रावर उभे करणाऱ्या उमेदवारीच्या मागणीची आठवण आपण तितकी ठेवली नाही.

हे आम्ही स्वतःलाही सुनावत आहोत. आपल्या समाजात तहसीलदार झालेल्याचा सत्कार होतो, बँकेत लागलेल्याचा होतो, त्यांचे फोटो याच पानांवर छापून येतात. पहिल्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट झालेल्या पोराचा सत्कार कोणी केल्याचे आम्ही पाहिले नाही. त्या परीक्षेचे नावही आपल्या शंभर घरांतल्या नव्वद घरांना माहीत नसेल. कारकुनाची खुर्ची ही प्रतिष्ठेची आणि पान्हा हा कमीपणाचा, हा विचार मनूचा आहे, तो आपल्या घरात कसा शिरला?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. पुढच्या चार दशकांत मंडळात लागलेल्या माणसांनी आपल्या कितीतरी वस्त्यांत पहिले पक्के घर बांधले, पहिली मुलगी कॉलेजात पाठवली. ऊर्जानगर, दीपनगर यांसारख्या वसाहतींत जयंतीच्या वर्गण्या आणि विहारांच्या विटा कोणाच्या पगारातून आल्या हे आपल्याला ठाऊक आहे. मग २००३ चा वीज कायदा आला. त्याने औष्णिक वीजनिर्मितीला परवान्याची अट ठेवली नाही. ६ जून २००५ पासून मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशा कंपन्या झाल्या. कंपन्या सरकारी राहिल्या, आरक्षण राहिले, पण नवी वीज कोठे तयार होऊ लागली? गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे खाजगी केंद्र, अमरावतीजवळ नांदगाव पेठला १३५० मेगावॅटचे खाजगी केंद्र. दोन्हींची बेरीज ४६५० मेगावॅट. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र चंद्रपूर, तेथे जुने दोन संच मोडीत काढल्यावर आज २९२० मेगावॅट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने आणखी ६६०० मेगावॅट सौर आणि औष्णिक वीज घेण्यासाठी एकाच खाजगी समूहाला इरादापत्र दिले. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. तिरोड्याच्या फाटकावर त्यातला एक टक्काही लागू होत नाही. विजेचा एकेक मेगावॅट सरकारी केंद्रातून खाजगी केंद्रात सरकतो तेव्हा त्याबरोबर आरक्षणाचा एकेक बिंदूही सरकत नाहीसा होतो, आणि त्यासाठी घटनेत एका अक्षराचा बदल करावा लागत नाही. संविधान बदलणार का, या वादात आपण सभा गाजवतो. संविधान न बदलता काय चालले आहे ते मात्र मेगावॅटमध्ये मोजावे लागते.

४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचारी संपावर गेले, तो नवी मुंबई-भांडुप परिसरात अदानींच्या कंपनीने समांतर वितरणाचा परवाना मागितला म्हणून. बहात्तर तासांचा संप त्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन मागे घेतला गेला. खाजगीकरणाला आमचा विरोध कायम आहे आणि त्या संपाला चळवळीने पाठिंबा दिला तो योग्यच होता. परंतु खाजगीकरण दरवाजातून येणार म्हणून दाराशी पहारा देणाऱ्या संघटनांना एक विचारावेसे वाटते. ते घरात कंत्राटदाराच्या रूपाने वीस-पंचवीस वर्षांपासून राहते आहे, त्याचे काय? कायम कर्मचाऱ्यांच्या मोठ्या संघटनांनी कंत्राटी कामगाराला आपला सभासद मानले का? आणि मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या ज्या संघटना पदोन्नतीतील आरक्षणासाठी न्यायालयात जातात, तो लढा आवश्यकच आहे, पण त्यांच्या मागणीपत्रात राखेच्या विभागातील बांधव कितव्या क्रमांकावर आहे? बहुधा तो नाहीच. साहेब झालेला माणूस हेल्परला ओळखतो तो जयंतीच्या मिरवणुकीत.

६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत बाह्य यंत्रणेकडून नोकरभरती करण्याचा शासन निर्णय काढला. राज्यभर संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात सरकारला तो रद्द करावा लागला. सुशिक्षित तरुण रस्त्यावर आला म्हणून तो निर्णय रद्द झाला. औष्णिक केंद्रांतील ठेकेदारी त्या शासन निर्णयाने आलेली नव्हती, म्हणून त्याच्या रद्द होण्याने ती गेलीही नाही.

आता कायद्याचे पाहू. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्याचे नावच नियमन आणि निर्मूलन असे होते. ज्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी होईल तेथल्या कामगाराला मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात दिला. न्या. के. रामस्वामी त्या खंडपीठावर होते. हा निकाल पाच वर्षेही टिकला नाही. ऑगस्ट २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात तो फिरवला आणि बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही असे ठरवले. म्हणजे निर्मूलन झालेच तर ते कंत्राटाचे नव्हे, कामगाराचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा त्यांत विरून गेला. नव्या संहितेत आस्थापनेच्या मूळ कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. ऐकायला छान वाटते. पण मूळ काम म्हणजे काय याची व्याख्या वाचा. साफसफाई, पहारा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम ही कामे, आस्थापना खास त्याच कामासाठी उभी केलेली नसेल तर, मूळ काम नाहीत. माल चढवणे-उतरवणे या दोन शब्दांत कोळशाची वॅगन आणि राखेचा डंपर दोन्ही बसवायला कोणत्याही कंत्राटदाराच्या वकिलाला वेळ लागणार नाही. शिवाय जे काम प्रथेने कंत्राटदाराकडूनच करून घेतले जाते त्यालाही सूट आहे. प्रथेने! या देशात प्रथेने कोणाकडून काय करून घेतले जात होते हे सांगायला संहिता लिहिणाऱ्यांची गरज नाही. आणि पूर्वी २० कंत्राटी कामगार असले की कायदा लागू होई, ती मर्यादा आता ५० झाली आहे. ४९-४९ च्या तुकड्या पाडणारे कंत्राटदार आपल्याला लवकरच भेटतील.

तरीही एक वाट उघडी आहे, आणि ती नेमकी औष्णिक केंद्रातूनच जाते. हरियाणा वीज मंडळाच्या पानिपत केंद्रात मुख्य इमारतीच्या साफसफाईचे कंत्राट दिलेले होते. किमान ४२ सफाई कामगार पुरवायचे, अशी अट होती. कंत्राट संपले, कामगारांना घरी बसवले. ते कामगार न्यायालयात गेले. वर्षात २४० दिवस काम केले, काम मंडळाच्या आवारात, देखरेख मंडळाची, मग मधला कंत्राटदार हा नुसता पडदा आहे, असे त्यांचे म्हणणे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा बाजूला सारला आणि सफाई कामगारांच्या बाजूने निकाल दिला. २००१ च्या घटनापीठानेही ही वाट बंद केली नाही. कंत्राट खोटे, केवळ देखाव्याचे आहे असे सिद्ध झाले तर कामगार मूळ मालकाचाच मानला जाईल, हे तेथे कायम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई व बागकाम करणाऱ्या कामगारांना कायम करण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आस्थापनांच्या या हंगामी-कंत्राटी चलाखीवर कडक ताशेरे ओढले. हा आयोग ज्या संस्थेतून वाढला ती १९४५ मध्ये बाबासाहेबांच्याच मजूर खात्यात जन्मली होती, हे जाता जाता.

पण न्यायालयात काय लागते? कागद. पानिपतचे कामगार जिंकले ते २४० दिवस आणि देखरेख सिद्ध करता आली म्हणून. आमच्याकडे आलेल्या तरुणाकडे सात वर्षांतले फक्त शेवटचे दोन गेटपास होते. आधीचे कंत्राटदाराने परत घेतले. पगाराची पावती मिळत नाही. पीएफचा क्रमांक दोनदा बदलला. सुपरवायझर तोंडी काम सांगतो. कामाची परवानगी असलेला जो कागद विभागात फिरतो त्यावर कंपनीच्या अभियंत्याची सही असते, म्हणजे देखरेख कोणाची हे सिद्ध करणारा नेमका पुरावा. पण तो कागद विभागातच राहतो. म्हणून राखेत, कोळशात, ओव्हरहॉलमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक बांधवाला आमचे सांगणे आहे की गेटपासचा, हजेरीचा, परवानगीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या माणसाकडे ठेवा. आत मोबाइल नेऊ देत नसतील तर वहीत तारीख, पाळी, काम आणि अभियंत्याचे नाव लिहा. मागे आपल्या बापजाद्यांनी मस्टरवर अंगठे उठवले. त्या मस्टरचे पुढे काय झाले ते त्यांना कधी दिसले नाही.

कोणी म्हणेल, इतका जीव टाकण्यासारखे त्या राखेत आहे काय, पोरांना दुसरीकडे पाठवा. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या उंचाहार केंद्रात ५०० मेगावॅटच्या नव्या संचाच्या भट्टीच्या तळाशी राख तुंबली. संच बंद न करता काम चालू ठेवले गेले. स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे भाजून मेली. मेलेल्यांत बहुसंख्य कंत्राटी मजूर होते. धोका कोठे आहे आणि तो कोणाच्या अंगावर टाकलेला आहे, याचा याहून स्पष्ट नकाशा काढता येणार नाही. हे माहीत असूनही आम्ही पॉवर स्टेशन सोडा असे म्हणत नाही. ते सोडून पोरगा जाईल कोठे? पुण्याच्या गोदामात, तेही कंत्राटदाराकडेच. प्रश्न राखेपासून पळण्याचा नाही, राखेपासून कंट्रोल रूमपर्यंतचे अंतर तोडण्याचा आहे.

ते अंतर तुटते कसे? आयटीआयनंतर उमेदवारी. १९६१ च्या कायद्याने उमेदवाराला नोकरीची हमी नाही, पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की बाकी गुण सारखे असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्या. तेव्हा उमेदवारी कोठल्या तरी गॅरेजमध्ये उरकू नका, केंद्रातच मिळवा. अभियांत्रिकी पदविका किंवा पदवी असलेल्यांसाठी नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, तेथे औष्णिक केंद्राचे अभ्यासक्रम चालतात. समाजकल्याणची शिष्यवृत्ती तेथे कशी लागू होईल याचा पाठपुरावा आपल्या आमदारांनी करावा, एवढे तरी त्यांना जमावे. आणि बॉयलर. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, पण बॉयलर प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात असला पाहिजे हे तत्त्व बदललेले नाही. बाष्पके संचालनालय दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा घेते. हे प्रमाणपत्र हाती असले की साखर कारखाना असो, कागद गिरणी असो, औषधांचा कारखाना असो, माणूस कंत्राटदाराच्या दयेवर राहत नाही. जुने २१० मेगावॅटचे संच एकेक करून बंद होत आहेत, त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचे येत आहेत, आणि त्याच विजेसाठी आता पूर्वीपेक्षा कमी हात लागतात. संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते. कंत्राटी कामगाराचा गेटपास बंद होतो. सौर प्रकल्पावर त्याला जे काम मिळेल ते पट्ट्या धुण्याचे आणि गवत कापण्याचे. हाती प्रमाणपत्र असण्याची निकड आज पूर्वी कधी नव्हती इतकी आहे.

आणखी एक गोष्ट प्रकल्पग्रस्तांची. केंद्रासाठी जमीन गेली त्याला दाखला मिळतो, दाखल्यावर नोकरीत प्राधान्य मिळते. व्यवहारात हा हक्क सातबाऱ्यावर ठरतो. ज्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या आपल्या माणसाच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्याचे शेतही गेले आणि मजुरीही गेली, दाखला मात्र मालकाला मिळाला. मालकाचा नातू तंत्रज्ञ झाला, मजुराचा नातू त्याच केंद्रात राख उपसतो. भूमिहीन मजुराच्या कुटुंबालाही नोकरीसाठी प्रकल्पग्रस्त माना, ही मागणी महानिर्मितीच्या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर गेली पाहिजे. तसेच दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रत्येक कंत्राटातील कामगारांची यादी, हुद्दा आणि सामाजिक प्रवर्गासह, कंपनीने जाहीर करावी. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची नोकरी अखंड धरावी, ही अट निविदेतच घालावी. तंत्रज्ञाच्या भरतीत केंद्रातल्या कंत्राटी अनुभवाला गुण आणि वयात सूट द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव पुरतो.

तो तरुण परवा पुन्हा आला होता. तंत्रज्ञाच्या परीक्षेची तयारी चालू आहे, शिवाय बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेलाही बसतो म्हणाला. पण त्या अर्जाला बॉयलरवर काम केल्याच्या अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. कंत्राटदार म्हणतो, तू हेल्पर आहेस, तुझा बॉयलरशी संबंध नाही. सात वर्षे बॉयलरच्या पोटातली राख उपसली, क्लिंकर फोडले, ओव्हरहॉलला आत उतरला, आणि बॉयलरशी संबंध नाही! आम्ही त्याला केंद्रप्रमुखांच्या नावे अर्ज लिहून दिला, कामाच्या तारखा त्याच्या वहीतून उतरवून जोडल्या, आणि आवक विभागातून पोच घेतल्याशिवाय हलू नकोस असे सांगितले. पहिल्या दिवशी त्याला फाटकावरच थांबवले. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच दिली नाही. उद्या तो वस्तीतल्या आणखी अकरा जणांना घेऊन जाणार आहे. त्या अकरांचेही अर्ज आम्ही लिहून तयार ठेवले आहेत.